एकास दहा

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी चुकीच्या माणसाला सलाम केला, आणि तोही कंबरेत वाकून. नांदेडला तालुकदारांच्या कचेरीत मुन्शी म्हणून माझी नेमणूक झाली होती. तालुकदार म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर. निजामाच्या राज्यात जिल्ह्याचा मालकच. काकांनी घरी आठ दिवस माझी तालीम घेतली. किती वाकायचं, हात कपाळाला कुठं लावायचा, मागं सरताना साहेबांना पाठ कशी दाखवायची नाही, सगळं घोटून घेतलं. फक्त साहेब ओळखायचे कसे, एवढं सांगायचं काका विसरले.

कचेरी आणि साहेबांचा बंगला एकाच आवारात. फाटकातून आत शिरलो तर समोर भलीमोठी हिरवळ आणि तिच्या मधोमध एक उंच गृहस्थ उभे. काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं, पांढऱ्या मिशा, डोक्याला कडक इस्तरीचा रुमाल. खाली मान घालून विचारात गढलेले. मी म्हटलं, जिल्ह्याचा कारभार डोक्यात चाललाय. जवळ जाऊन असा सलाम केला की काकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

"हाव हाव," ते म्हणाले आणि तोंडाला फडकं बांधलेली एक घागर माझ्या हातात दिली. "धरा. हलू देऊ नका."

मी ती घागर गंगाजलासारखी छातीशी धरली आणि त्यांच्या मागं चालू लागलो. ते पुढं, मी मागं, असे हिरवळीला दोन फेरे झाले. घागरीला वास होता. पण पहिल्या दिवशी साहेबांच्या घागरीला वास येतो असं म्हणायची माझी काय छाती! तिसऱ्या फेऱ्याला कचेरीच्या ओसरीवर दहा-बारा कारकून तोंडाला रुमाल लावून हसताना दिसले. शेवटी एकाला दया आली. तो ओरडला, "मुन्शीजी, ते बागेचे दारोगा आहेत! आणि घागरीत आमची कालची लघवी आहे!"

मी घागर टाकली नाही, हा माझ्या नोकरीतला पहिला आणि बहुतेक शेवटचा पराक्रम. टाकली असती तर ती माझ्याच पायावर पडली असती.

दारोगा अहमदपूरकडचे, लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारे. सोवळं-ओवळं त्यांना आमच्याइतकंच कळत होतं, फक्त गवताची गोष्ट आली की ते त्यांच्या लेखी संपत होतं. त्यांच्या हवाली दोन गोष्टी होत्या. बंगल्यापुढची ती अफाट हिरवळ आणि बंगल्यामागचं एक लहानसं कुरण, ज्यावर कचेरीचे घोडे चरायचे. हिरवळ साहेबांना डोळ्यांसाठी पाहिजे होती, कुरण घोड्यांना पोटासाठी. खताला मंजुरी मात्र दोन्हींसाठी नव्हती. साहेबांचं म्हणणं सरळ होतं, की गवत आपोआप उगवतं, त्याला खर्च कसला?

"खत इकत घेतो त्यो माळी न्हाई, गिऱ्हाईक हाय," असं दारोगा म्हणायचे, आणि मंजुरी नाही म्हणून कुरकुर करण्याऐवजी अंगात आल्यासारखे गावभर फिरायचे. हलवायाच्या भट्टीतली राख आणायचे. तेलघाण्यावरून किडलेली, गुरं खाणार नाहीत अशी करडईची पेंड आणायचे. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ आणायचे. हिरवळ कापली की माळी कापलेलं गवत भरून न्यायला धावायचे, तर हे आडवे उभे राहायचे. "पडू द्या तिथंच. आईच्या अंगावरचं केस काय बाहेर टाकून देता?" या बोलण्याचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही, पण कापलेलं गवत आठ दिवसांत मुरून जायचं आणि खालचं काळंभोर यायचं, हे खरं.

कुरणासाठी ते धनगराच्या मेंढ्या बसवायचे. कळप रानात मुक्कामाला ठेवायचा, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरायचं, बदल्यात धनगराला ज्वारी. ही ज्वारी ते स्वतःच्या घरातून देत. सकाळी कुरणात जाऊन काल कळप कुठं बसला, आज कुठं बसवायचा, हे काठीनं आखून द्यायचे. एकदा मी ऐकलं, ते धनगराशी भांडत होते. "हिकडच्या कोपऱ्यात तुझ्या मेंढ्या बसल्याच न्हाईत! नुसत्या उभ्या राह्यल्या!" धनगर बिचारा म्हणाला, "मालक, मेंढरांला मी काय चटई टाकून देऊ का?"

आणि गवत चाखायचे. खरंच सांगतो. ओणवे व्हायचे, एक पातं तोडायचे, चावायचे, डोळे मिटायचे. "आंबूस लागून राहिलं. राख कमी पडली." मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंड फिरवलं, कारण त्या जागी आदल्या दिवशी काय ओतलं होतं ते मी स्वतः वाहिलं होतं.

तो घागरींचा कारखाना कचेरीमागं तट्ट्याच्या आडोशाला होता. चार घागरी ओळीनं. सगळ्या नोकरांनी तिथंच जायचं, अशी दारोगांची सक्ती. हुकूम कुणाचाच नव्हता, पण त्यांची शेरवानी आणि मिशा पाहून कुणी विचारलंही नाही. अकराच्या सुमाराला ते ओसरीवर येऊन आमची हजेरी घेतल्यासारखे उभे राहायचे. "मुन्शीजी, आज सकाळधरनं एकदाच गेले तुमी. पाणी पीत जावा. गवताचं नुकसान होऊन राहिलंय." बाहेरगावचे फिर्यादी बसलेले असायचे, वकील असायचे. मी मान खाली घालून उठायचो आणि जायचो. गवतासाठी.

पण त्या घागरींचा एक नियम होता. एक घागर असली तर तिच्यात दहा घागरी पाणी. एकास दहा. आणि तेही आधी हिरवळ साध्या पाण्यानं भिजवून मग. "तहानलेल्या गवताला हे पाजलं तर ते जळतं," दारोगा सांगायचे. "भुकेल्याला मिरची चारल्यावाणी."

माझं लग्न लातूरला झालं. दारोगा आले. मुलीकडच्यांना वाटलं नवऱ्या मुलाचे साहेबच आले. शेरवानीचा घोटाळा फक्त माझाच होत होता असं नाही. त्यांना मानाचा पाट, मानाची पंगत. जेवणं झाली आणि मांडवात एकदम शांतता पसरली. मी पाहतो तर साहेब समजून बसवलेले हे गृहस्थ शेरवानीच्या बाह्या सारून उष्ट्या पत्रावळी गोळा करत होते. पळसाच्या पत्रावळी, त्यावर वरण-भात लागलेला, मठ्ठ्याचे द्रोण, सगळं पोत्यात. सासूबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. "अगबाई! अहो, हे काय करता? घरात माणसं आहेत ना!"

"बाई," दारोगा नम्रपणे म्हणाले, "लेक तर आमी नेतोच हाव. पत्रावळी ठेवून तुमी काय करता?"

सहा पोती भरली. सर्व्हिस मोटारीच्या टपावर नव्या नवरीची ट्रंक आणि तिच्या शेजारी तिच्याच लग्नाच्या उष्ट्या पत्रावळी, अशी आमची वरात नांदेडला आली. वाटेत ऊन तापलं तसा टपावरून आंबलेला वास खाली यायला लागला. बायको शालूचा पदर नाकाला लावून बसली होती. माझ्याशी ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "तुमच्या कचेरीत सगळे असेच आहेत का?"

त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव पत्रावळीवाले.

आता ती गोष्ट, जी मी वीस वर्षं लोकांना हसत हसत सांगितली.

फाल्गुनात हुकूम आला की सुभेदारसाहेब दौऱ्यावर येणार. सुभेदार म्हणजे आमच्या तालुकदारांच्याही वरचे. चहापान हिरवळीवर. साहेबांनी दारोगांना बोलावलं. मी कागद घेऊन तिथंच उभा होतो. साहेब हिरवळीकडं बोट दाखवून म्हणाले, "दारोगाजी, उस दिन घास पीली दिखी तो आप बी नै, आपका कमरा बी नै." दारोगांना वजिफ्याला, म्हणजे पेन्शनीला, दोन वर्षं राहिली होती. कमरा म्हणजे आवाराच्या कोपऱ्यातली दोन खणांची जागा. त्यात ते आणि त्यांची बायको राहायचे. बाई गुडघ्यानं अधू होत्या. दारातल्या तुळशीपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. दुसरं घर त्यांना नव्हतं.

"जी हुजूर," दारोगा म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हिरवी दिसल. काळजी करू नका." काळजी मी करतच नव्हतो, माझी नोकरी थोडीच जाणार होती?

मधेच अहमदपूरला त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं. चार दिवस जाणं भाग होतं. माळी फाटकाच्या दगडांना चुना लावण्यात गुंतलेले, म्हणून दारोगांनी घागरी माझ्या हवाली केल्या. "एकास दहा, मुन्शीजी. आधी पाणी. कमी टाकलं तरी चालंल, जास्ती नको." टांग्यात बसल्यावरसुद्धा त्यांनी दोन्ही हातांची दहा बोटं वर करून दाखवली. मी मान हलवली. मला वाटलं, मी शिकलेला माणूस, मला काय दहा कळत नाहीत?

पहिल्या दिवशी मी नियमानं केलं. एका घागरीमागं विहिरीवरून दहा घागरी ओढायच्या म्हणजे चार घागरींच्या चाळीस झाल्या. दुसऱ्या दिवशी हाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात एक विचार आला, आणि माझ्या डोक्यात येणाऱ्या विचारांबद्दल माझ्या घरच्यांचं जे मत आहे ते त्या दिवसापासूनच खरं ठरत आलंय. मी म्हटलं, दहापट पाण्यात जर गवत एवढं हिरवं होतं, तर पाणी न घालता दिलं तर दहापट हिरवं होईल. दारोगा परत येतील आणि बघतच राहतील. आपण न शिकता जे केलं ते त्यांना आयुष्यभर जमलं नाही, असं गाव म्हणेल. शिवाय विहिरीवर जायला नको.

चारही घागरी मी तशाच ओतल्या. कोरड्या हिरवळीवर, भर उन्हात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघांत. सरळ रेघ मारायची मला कचेरीत सवयच होती.

चौथ्या दिवशी सकाळी ओसरीवर येऊन बघतो तर काय! हिरवळीवर सात पिवळे पट्टे. तापलेली सळई कुणीतरी ओढत नेल्यासारखे. जवळ जाऊन पाहिलं तर पातं हातात चुरगळत होतं. कचेरीतले सगळे येऊन बघून गेले.

दारोगा त्याच दिवशी टांग्यातून उतरले. लग्नाचं उपरणं खांद्यावर तसंच होतं. फाटकात उभे राहिले, मग सरळ हिरवळीवर आले, ओणवे झाले, एक पिवळं पातं तोडून तोंडात घातलं. बराच वेळ चावलं. मग माझ्याकडं बघितलं.

"पाणी किती घातलं, मुन्शीजी?"

मी फोड आलेले हात पाठीमागं नेले.

"बरं," ते म्हणाले. परत विचारलं नाही.

पुढचे तीन दिवस त्यांनी पट्ट्यांवर पाणी सोडलं. स्वतः ओढलं. मी मदतीला गेलो, तर एवढंच म्हणाले, "तुमचे हात फुटलेले हायत. राहू द्या." जळालेलं गवत तीन दिवसांत उठत नाही. ते त्यांनाही ठाऊक होतं.

सुभेदारांच्या येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब पाहणीला आले. पट्टे पाहिले आणि चेहरा लाल झाला. सगळी कचेरी रांगेत उभी. दारोगांच्या शेजारी मी.

"कौन किया ये?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. मराठीत होतं, उर्दूत होतं, रात्रभर घोकलेलं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. साहेबांच्या हातातल्या काठीकडं बघितलं, नव्या संसाराकडं बघितलं, आणि मिटलं. त्या मधल्या वेळात शेजारी दारोगा गप्प उभे होते. नेहमी साहेबांनी हाक मारली की ते चटकन उत्तर द्यायचे. त्या दिवशी थांबले. मग शेरवानीचं वरचं बटण सारखं केलं आणि पुढं झाले.

"मैं, हुजूर. उमर हो गई. अंदाज चुका."

आठ दिवसांत जागा खाली करायचा हुकूम झाला. तो मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सुभेदारसाहेब आले, तर त्यांना मोटारीच्या प्रवासानं पित्त झालेलं. ते हिरवळीवर उतरलेच नाहीत. ओसरीवर बसून लिंबू-पाणी घेतलं आणि निघून गेले. हिरवळ हिरवी आहे की पिवळी, त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. मी खांबाला धरून उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मला एवढा धक्का कधी बसला नव्हता, आणि तो कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

दारोगा निघाले तेव्हा बैलगाडीत सामान फार नव्हतं. बाई गाडीत बसल्या होत्या. दारातली तुळस कुंडीसकट मांडीवर. मी धीर करून जवळ गेलो. म्हटलं, "दारोगाजी, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुमचं लगीन होऊन वरीस न्हाई झालं," ते म्हणाले. मग गाडीच्या चाकाला हात लावून जरा थांबले. "पर खरं सांगू का? मला वाटलं तुमी बोलताल. म्हणून जरा थांबलो बी होतो."

आणि लगेच त्यांचं बोलणं गवतावर आलं. "पाऊस लागला की त्या पट्ट्यांवर काही टाकू नका. लई दाट येणार हाय तिथं."

तसंच झालं. आषाढात त्या सात पट्ट्यांत असं काळंभोर गवत आलं की साहेब पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यायचे. "ये हमारे मुन्शीजी का कमाल है," म्हणायचे, कारण दारोगा गेल्यावर बागेचा कारभार माझ्याकडं दिला होता. पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्यांदा गेलं.

घरी मी बायकोला सांगितलं की पत्रावळीवाल्यांनी म्हातारपणी एकास दहाचा घोळ केला आणि हिरवळ जाळली. ती पोट धरून हसली. तिथून ही गोष्ट सुरू झाली. मी सांगायचो ती छान. दारोगांची चाल काढायचो, गवत चाखून दाखवायचो, साहेबांची नक्कल करायचो. निजाम गेला, राज्य बदललं, मी दुसऱ्या कचेरीत दुसऱ्या खुर्चीवर बसलो, पण लग्नाकार्यात लोक म्हणायचे, "ती दारोगांची सांगा हो." आणि बायको पुढची वाक्यं आधीच म्हणायची. पत्रावळींचा भाग तर तिचाच. तो ती माझ्यापेक्षा रंगवायची.

परवा दिवाळीत सासुरवाडीला लातूरला होतो. दुपारची जेवणं झाली, पान-सुपारी फिरली, आणि फर्माईश झाली. मी सांगत गेलो. घागरी, मेंढ्या, पत्रावळी, सात पट्टे. धाकटी मेहुणी डोळे पुसत म्हणाली, "काय पण वेंधळा माणूस! पाणी घालायचंच विसरला! असल्याला सरकारनं ठेवला कसा?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी त्यांनी नाही, मी घातलं नव्हतं. ते लग्नाला गेले होते."

सगळे आणखी मोठ्यानं हसले. गोष्टीला नवीन टोक जोडलं असं वाटलं त्यांना. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, हे सगळ्यात भारी!" मीही हसल्यासारखं केलं. बायको हसली नाही. ती उठून आत गेली.

मी थोड्या वेळानं मागं गेलो. ती माजघरात एकटीच बसली होती, हात मांडीवर तसेच ठेवून.

"खरं आहे?" तिनं विचारलं.

"खरं आहे."

"सगळं?"

मी सगळं सांगितलं. बटण सारखं केलेलं, थांबलेलं, बैलगाडीचं चाक. माझ्याच्यानं नक्कल झाली नाही. ती ऐकत राहिली. मधे एकदा बाहेरून हाक आली, तिनं ओ दिली नाही.

"वीस वर्षं मी त्या माणसाला हसतेय," ती म्हणाली. "माहेरी, बायकांत, लेकरांपुढं. आणि मी हसत होते तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघत होता."

मी तिच्याशेजारी खाली बसलो. म्हटलं, "आता ते असतील की नसतील, कोण जाणे."

"अहमदपूरला सकाळची गाडी आहे ना?" तिनं पदर खोचला. "असले तर त्यांना सांगायचं, नसले तर त्यांच्या घरी जे कुणी असेल त्यांना. मी बरोबर येते. पण बोलायचं तुम्ही."